बीडीएसनंतर आर्मी डेंटल कोअर: तयारी इंटर्नशिपपासूनच करा

इंटर्नशिप करणारी मुलंमुली माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांना दिल्लीच्या मुलाखतीत काय विचारतात ते ऐकायचं असतं. मी त्यांना आधी फायनल इयरचं मार्कशीट काढायला सांगते. आर्मी डेंटल कोअरच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी, म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारीपदासाठी, बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षात किमान ५५ टक्के लागतात. पास व्हायला ५० पुरतात. मधल्या त्या पाच टक्क्यांत हात चांगला असलेली मुलंही अडकतात, आणि हे त्यांना कळतं तेव्हा निकाल लागून वर्ष उलटलेलं असतं. म्हणून तुम्ही अजून थर्ड इयरला असाल तर पुढचं जास्त लक्ष देऊन वाचा. तुमच्या हातात अजून सगळं आहे.

मी नाशिक रोडची. बीडीएसनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर गेले, मेजर म्हणून बाहेर पडले, आणि आता इथेच दवाखाना चालवते. नाशिककरांना फौज नवी नाही. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, नाशिक रोडला आर्टिलरी सेंटर आणि गांधीनगरला हेलिकॉप्टर पायलट घडवणारं आर्मी एव्हिएशनचं स्कूल आहे, ओझरला एअर फोर्स आहे, आणि भोसला मिलिटरी स्कूल तर १९३७ पासूनचं. पहाटे रेंजवर तोफा सुरू झाल्या की देवळालीच्या घरातल्या काचा थरथरतात आणि कुणी मान वळवूनही बघत नाही. तरीसुद्धा दातांच्या डॉक्टरांची फौजेत स्वतंत्र कोअर आहे, ती ४ फेब्रुवारी १९४१ पासून आहे, आणि तिचे अधिकारी स्थलसेना, नौदल, हवाई दल अशा तिन्ही दलांचे दात बघतात, हे इथल्या कित्येक डेंटल विद्यार्थ्यांना माहीत नसतं.

आधी काम समजून घ्या

लष्करी दंतवैद्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोळी लागलेला जबडा येतो. तेही काम आहे, मोठं आहे, आणि ते ओरल सर्जन करतात. पण साध्या डेंटल ऑफिसरच्या रोजच्या ओपीडीत चालतं ते वेगळं. जवान जिथे जाणार आहे तिथे दातांचा डॉक्टर नसतो. तो निघण्याआधी त्याचं तोंड असं करून द्यायचं की वर्षभर त्याला दाताची आठवण होऊ नये. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की नोकरीची तयारी कशी करायची हे बरंचसं आपोआप सुटतं.

उदाहरण देते. खालच्या पहिल्या दाढेत खोल कीड आहे, पण दुखत नाही. आपल्या कॉलेज रोडच्या दवाखान्यात असा पेशंट आला तर तो म्हणतो, "मॅडम, सध्या राहू द्या, दुखलं की येतो," आणि आपणही फार ताणत नाही. फौजेत तोच माणूस पुढच्या महिन्यात बर्फाने रस्ता बंद होणाऱ्या चौकीवर जाणार असतो. तिथे जानेवारीत त्याची दाढ सुजली, ताप आला, तोंड उघडेना, तर त्याला खाली आणायला हेलिकॉप्टर लागतं, हवामान साफ लागतं, आणि चौकीवरचा एक माणूस कमी होतो. दुखत नसलेल्या दाढेचं रूट कॅनाल आजच करायचं, हा निर्णय तिथे रोज घ्यावा लागतो. जवान कुरकुरतो. त्याला समजावणं हेही कामच आहे.

उडणाऱ्यांचे दात हा आणखी निराळा प्रकार. गांधीनगरच्या आकाशात घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं तुम्ही रोज बघता. त्यातल्या मुलांपैकी काही पुढे सियाचीनसारख्या ठिकाणी अतिशय उंचावर उडतात. वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. भरलेल्या दाढेच्या खाली पोकळी राहिली असेल, किंवा आतली नस मेलेली असेल, तर तिथे कोंडलेला वायू फुगतो आणि कळ येते. याला बॅरोडोन्टाल्जिया म्हणतात. पायलट खाली उतरला की दुखणं गायब होतं, त्यामुळे खुर्चीत बसल्यावर त्याला दाखवता येत नाही कुठली दाढ ते.

माझ्याकडे असा एक पायलट आला होता. वरच्या उजव्या बाजूला कुठेतरी दुखतं एवढंच सांगत होता. त्या बाजूला तीन जुन्या चांदी भरलेल्या दाढा होत्या. ठोकून बघितलं, काही नाही. मग एकेका दाढेवर बर्फाची कांडी टेकवली. पहिल्या दोन दाढांना थंड लागलं आणि लगेच ओसरलं. तिसरीवर कांडी ठेवली तरी तो शांतच. त्याला काही लागतच नव्हतं. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी बारीक काळी छाया दिसली. दाढ कधीच मेलेली होती. रूट कॅनाल केलं, आणि ते पूर्ण होऊन तो नीट बरा होईपर्यंत उड्डाण बंद ठेवायला लिहून दिलं. पायलटला उड्डाण बंद केलेलं अजिबात आवडत नाही. तरी भूल दिल्यावर, दात काढल्यावर त्याला लगेच वर जाऊ द्यायचं नसतं, आणि ते ठामपणे सांगायची हिंमत डेंटल ऑफिसरकडे असावी लागते.

इंटर्नशिपमध्ये हात तयार करा

लहान स्टेशनवर तुम्ही एकटे असता. शेजारच्या गल्लीत एंडोडोंटिस्ट (रूट कॅनालचा तज्ज्ञ) नसतो, फोन करून बोलावता येणारा सर्जन नसतो. म्हणून इंटर्नशिपचं वर्ष नीट मन लावून काढा. पोस्टिंग संपलं की सही घेऊन पळणाऱ्यांना पुढे फार जड जातं, हे मी ज्युनिअर अधिकाऱ्यांमध्ये पाहिलं आहे.

ओरल सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये तुटलेल्या मुळ्या काढायला शिका, फक्त हलणारे दात काढून समाधान मानू नका. जबड्याच्या फ्रॅक्चरला आर्च बार (दातांच्या कडेने बसवायची धातूची पट्टी) आणि वायर बांधताना सीनियरच्या शेजारी उभे राहा आणि संधी मिळाली की स्वतः बांधा. टाके घालायला शिका, गालाच्या आतले आणि ओठावरचे दोन्ही. दाढेचं रूट कॅनाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने झालेलं असलं पाहिजे. सीपीआरचं प्रशिक्षण घ्या. कवळीकडे दुर्लक्ष करू नका. डेंटल सेंटरला जवानांबरोबर त्यांची कुटुंबंही येतात.

आणि कॅम्प टाळू नका. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या पाड्यांवर शाळेच्या वर्गात घडीची खुर्ची मांडून, खिडकीतल्या उजेडात, वीज जाते-येते अशा स्थितीत काम करताना जे शिकायला मिळतं ते कॉलेजच्या एसी विभागात मिळत नाही. उकळायचं काय, वेगळं ठेवायचं काय, एवढ्या कमी सामानात संसर्ग कसा टाळायचा, हे तिथे कळतं. पुढे उंचावर काम करताना मला हेच कामाला आलं. थंडीत ग्लास आयोनोमर (दात भरायचं सिमेंट) सेट व्हायला जास्त वेळ घेतं, भुलीच्या बाटल्या अंगाशी धरून गरम ठेवाव्या लागतात. हे पुस्तकात फारसं नसतं, पण अडचणीत काम करायची सवय असलेला माणूस ते एका दिवसात शिकतो.

एक काम तर तुम्हाला इथे नाशिकमध्ये राहूनच शिकता येईल: डेंटल पॉइंट्स मोजणं. एनडीए, सीडीएस किंवा अन्य प्रवेशांची तयारी करणारी मुलं आपल्या शहरात खूप आहेत आणि मेडिकलच्या भीतीने ती दाताच्या डॉक्टरकडे येतात. हिशेब असा आहे. वरचा आणि खालचा दात एकमेकांवर नीट टेकत असतील तरच त्या जोडीला गुण. पटाशीचे दात, सुळे आणि उपदाढा यांच्या जोडीला १ गुण, दाढांच्या जोडीला २. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आणि अक्कलदाढा पूर्ण वाढलेल्या असतील तर २२ गुण होतात. अक्कलदाढा नसतील तर १८. फौजेत येण्यासाठी किमान १४ लागतात. शिवाय वरच्या जबड्यातल्या पुढच्या सहा दातांपैकी कुठलेही चार आणि मागच्या दहांपैकी कुठलेही सहा समोरच्या जोडीदारासह जागेवर असायला हवेत.

आता निफाडकडचा एखादा मुलगा येतो, खालची पहिली दाढ किडलेली, सोबत वडील. वडील म्हणतात, "काढून टाका मॅडम, कटकट नको." ती दाढ काढली की त्या मुलाचे थेट २ गुण गेले, कारण वरची चांगली दाढ जागेवर असली तरी तिची जोडी मोडली. त्याच बाजूची आणखी एक दाढ पूर्वीच गेलेली असेल तर तो काठावर येतो. अशा वेळी वडिलांना बसवून, आरसा मुलाच्या हातात देऊन, एकेक जोडी बोट ठेवून मोजून दाखवा. ते लगेच रूट कॅनालला तयार होतात. असं बसून समजावण्यात तुमचाही सराव होतो, कारण फौजेत तुम्ही दिवसभर हेच करणार आहात.

नीट एमडीएस द्यावीच लागते

नीट एमडीएस म्हणजे एमडीएसची, दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीची, प्रवेश परीक्षा. इथे सर्वात जास्त गैरसमज आहे. "मला एमडीएस करायचंच नाही, मग नीट कशाला?" असं म्हणून मुलं फॉर्म भरत नाहीत आणि एक वर्ष जातं. आर्मी डेंटल कोअरची वेगळी लेखी परीक्षा नसते. त्या वर्षीच्या नीट एमडीएसच्या गुणांवरूनच मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते ठरतं. २४० प्रश्न, ३ तास, एकूण ९६० गुण; बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकलं तर १ जातो. जागा थोड्या असतात. २०२२ च्या जाहिरातीत सगळ्या मिळून ३० होत्या. म्हणजे "पास झालो" एवढ्याने काही होत नाही, क्रमांक वर लागतो.

अभ्यासाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यासाठी भरपूर साधनं आहेत. एवढंच सांगते की क्लिनिकचे विषय इंटर्नशिपमध्ये रोज डोळ्यांसमोर असतात म्हणून सोपे वाटतात, आणि ॲनाटॉमी, फार्मा, पॅथॉलॉजी, डेंटल मटेरियल्स मागे पडतात. संध्याकाळी ओपीडी संपल्यावरचे दोन तास या मागे पडलेल्या विषयांना द्या.

कागदपत्रं

मी इथे जास्त वेळ घेणार आहे, कारण गुणवंत मुलं इथेच अडतात.

इंटर्नशिप जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आत पूर्ण झालेली असावी लागते. कुणाचा एखादा विषय राहून सहा महिने मागे पडलेला असेल तर त्याने ही तारीख आधी बघावी. त्यानंतर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचं कायमचं रजिस्ट्रेशन. परिषद मुंबईला आहे; इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला हातात पडल्या पडल्या अर्ज करा. "दवाखाना टाकेन तेव्हा करू" म्हणत राहू नका. रजिस्ट्रेशन आधीच झालेलं असेल तर त्याची मुदत बघा. ते किमान त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालू असायला हवं. ज्यांनी बीडीएस होऊन काही वर्षं झाली त्यांचं नूतनीकरण बहुधा राहिलेलं असतं.

विद्यापीठाच्या बाबतीत नाशिकची मुलं नशीबवान आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, दिंडोरी रोडवर आहे. विदर्भातल्या मुलाला पदवीच्या कागदासाठी रात्रभर प्रवास करावा लागतो, तुम्ही पंचवटीतून रिक्षाने जाऊन येऊ शकता. चारही वर्षांची मार्कशीट्स आणि कॉलेजकडून अटेम्प्ट सर्टिफिकेट (कुठली परीक्षा कितव्या प्रयत्नात पास झालात त्याचा दाखला) एका फाइलमध्ये लावून ठेवा. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र लागतं. सरकारी नोकरीत असाल, अगदी कंत्राटी असलात तरी, एनओसीचं (ना हरकत प्रमाणपत्राचं) आधीच विचारून घ्या. तो कागद मिळायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

नावाचं स्पेलिंग आज रात्रीच तपासा. दहावीच्या प्रमाणपत्रावर, मार्कशीटवर, आधारवर, नीटच्या स्कोअरकार्डवर आणि रजिस्ट्रेशनवर नाव एकसारखं आहे का? आपल्याकडे मधलं नाव कुठे पूर्ण, कुठे नुसतं अक्षर, आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी असं सर्रास होतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर हे आधी बघावं. दुरुस्तीला महिने लागतात आणि जाहिरात आल्यावर हातात महिना असतो किंवा नसतोही.

जाहिरात जॉइन इंडियन आर्मीच्या अधिकृत संकेतस्थळावर येते आणि अर्ज तिथेच ऑनलाइन भरायचा असतो. वयाची अट ऐकून लोक चकित होतात: त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ४५ पूर्ण झालेली नसावीत. म्हणजे पाचसहा वर्षं सिडकोत किंवा सातपूरला दवाखाना चालवून मन लागलं नाही, तर तुमची वेळ गेलेली नाही. एमडीएस झालेल्यांनाही अर्ज करता येतो. जाहिरात पूर्ण वाचा, तळटिपांसकट. आणि कुणीही "आपली ओळख आहे, बघतो" म्हणाला तर तिथून उठा. या भरतीत पैसे घेऊन काम करून देणारा माणूस असूच शकत नाही.

मुलींसाठी दोन शब्द. २०२२ च्या त्या ३० जागांपैकी २७ पुरुषांसाठी आणि ३ महिलांसाठी होत्या. त्यामुळे नीटमध्ये वरचा क्रमांक असलेल्या मुली बाहेर राहत होत्या आणि त्यांच्या खूप खालच्या क्रमांकाच्या मुलांना मुलाखतीला बोलावणं येत होतं. २०२३ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने या विभागणीवर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. त्या मुली लढल्या म्हणून पुढच्यांचा रस्ता रुंद झाला, असं मी मानते. नव्या जाहिरातीत जागांबद्दलची ओळ नीट वाचा, आणि "मुलींना घेत नाहीत" हे ऐकीव वाक्य मनातून काढून टाका. मी घेतले गेले, माझ्याबरोबरच्या मैत्रिणीही घेतल्या गेल्या.

दिल्ली: मुलाखत आणि मेडिकल

एनडीए-सीडीएसच्या मुलांसारखं पाच दिवसांचं एसएसबी (अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत) आपल्याला नसतं. त्यामुळे नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात प्रवेश घ्यायला हवा का, हा प्रश्न गैरलागू आहे. ते केंद्र त्या मुलांसाठी चांगलं आहे, आपला रस्ता वेगळा. आपल्याला दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये मुलाखत आणि नंतर वैद्यकीय तपासणी असते. नाशिक रोडवरून मंगला किंवा पंजाब मेल थेट दिल्लीला जाते. एक दिवस हाताशी ठेवून निघा, कारण हिवाळ्यात उत्तरेत धुक्याने गाड्या रखडतात.

मुलाखत घेणारे वरिष्ठ डेंटल अधिकारी असतात. तुमची पोपटपंची त्यांना दोन मिनिटांत कळते. तुम्ही प्रत्यक्ष केलेल्या केसवर ते बोलायला लावतात: भूल लागली नाही तेव्हा काय केलं, फाइल तुटली तर काय कराल, रक्त थांबत नाही तर पुढे काय. खरं काम केलेलं असेल तर उत्तर आपसूक येतं. एखादी गोष्ट केलेली नसेल तर "सर, मी हे पाहिलंय, केलेलं नाही" असं सरळ सांगा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना बोलण्याची धास्ती असते. इंग्रजी फर्डं असण्यापेक्षा विचार सुसंगत असणं महत्त्वाचं आहे, पण गप्प बसून चालत नाही. इंटर्नशिपमध्ये रोज एका पेशंटची केस मित्रासमोर इंग्रजीत आणि हिंदीत मोठ्याने सांगा. हिंदीही हवी, कारण पुढे जवानांशी तीच बोलायची आहे.

आपल्या जिल्ह्याची माहिती ठेवा. नाशिकचं नाव ऐकलं की तोफखान्याचा विषय निघतो. मला विचारलं होतं. स्कूल ऑफ आर्टिलरी आधी काकुलला होतं, ते आता पाकिस्तानात आहे. फाळणीनंतर ते देवळालीला आलं. रोज ज्या रस्त्याने जातो त्याबद्दल चार वाक्यं बोलता आली नाहीत तर बरं दिसत नाही.

"आर्मीच का?" हा प्रश्न येणारच. त्यावर देशभक्तीचं भाषण तयार करू नका. तुम्हाला या कामातलं काय हवंय ते आधी स्वतःशी स्पष्ट करा. शिस्त, वेगवेगळ्या ठिकाणी राहणं, पेशंटच्या खिशाकडे न बघता योग्य तो उपचार करता येणं, या सगळ्या खऱ्या गोष्टी आहेत. यातली शेवटची मला सगळ्यांत मोलाची वाटते. "कॅप परवडेल का?" हा प्रश्न तिथे मी कुणाला विचारला नाही.

मेडिकलची तयारी तीनचार महिने आधी घरीच सुरू करा. आपला धंदा बसून, वाकून करायचा आहे; पाचव्या वर्षापर्यंत पोट सुटलेलं आणि मान आखडलेली असते. वजन उंचीच्या प्रमाणात हवं. डोळे, कान, पाय, रक्तदाब तपासून घ्या, कानातला मळ काढून घ्या, आणि स्वतःचे दातही. डेंटल सर्जनच्या तोंडात न भरलेली दाढ बोर्डाला दिसली तर काय वाटेल? सकाळी गोल्फ क्लब मैदानावर पळा, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. हे मुलाखतीपुरतं नाही, पुढे प्रशिक्षणात पळावंच लागतं. बोर्डाने अनफिट ठरवलं तर अपील करता येतं. तिथेच कारण विचारून घ्या, लेखी घ्या, मुदत विचारा, आणि रडत परतीची गाडी पकडू नका.

पगार, मुदत आणि पुढचं आयुष्य

निवड झाली की तुम्ही कॅप्टन म्हणून रुजू होता. मूळ पगार ६१,३०० रुपये, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, मूळ पगाराच्या २० टक्के एनपीए (नॉन-प्रॅक्टिसिंग अलाउन्स), आणि महागाई भत्ता वगैरे. वर्षाला दोन महिने वार्षिक रजा आणि २० दिवस किरकोळ रजा. एनपीए याचा अर्थच खासगी प्रॅक्टिस करायची नाही; संध्याकाळी भावाच्या दवाखान्यात बसतो, हे चालत नाही.

शॉर्ट सर्व्हिस आधी ५ वर्षांची असते, आणि पुढे ५ व ४ अशा दोन टप्प्यांत जास्तीत जास्त १४ वर्षांपर्यंत वाढते. मधल्या काळात परमनंट कमिशनसाठी अर्ज करता येतो, पण त्याला वयाची वेगळी मर्यादा आहे. चाळिशीत जाणाऱ्यांनी हे समजून जावं की त्यांच्यासाठी तो दरवाजा उघडा नसेल. शॉर्ट सर्व्हिसमधून बाहेर पडताना ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. घरी आईबाबांना हे आधीच सांगा. "आर्मी म्हणजे जन्माची पेन्शन" असं गृहीत धरून बरेच पालक होकार देतात आणि नंतर घरात वाद होतात.

एमडीएसची इच्छा असेल तर तीही तिथे पूर्ण होऊ शकते. पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) आणि दिल्लीच्या आर्मी डेंटल सेंटरला एमडीएस चालतं, आणि अधिकारी नोकरीत राहून तिथे शिकतात. तोंडाच्या आणि जबड्याच्या जखमांवरचं जे काम तिथे बघायला मिळतं ते बाहेर क्वचित मिळतं.

सुरुवातीला लखनौला बेसिक कोर्स असतो. परेड, नकाशावाचन, शस्त्राची ओळख, फौजेची रचना, मैदानात वैद्यकीय मदत कशी चालते, हे सगळं. आयुष्यभर मान खाली घालून अभ्यास केलेल्या मुलांना हे कठीण जातं, आणि तेच महिने पुढे सगळ्यांत जास्त आठवतात. तिथे मित्र जोडा. पुढे अवघड केसमध्ये रात्री फोन त्यांनाच लागतो.

पहिल्या पोस्टिंगवर गेल्यावर डेंटल सेंटरमधल्या डोरांना मान द्या. डोरा म्हणजे डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंट. खांद्यावर तारे तुमच्या असले तरी वीस वर्षं ऑटोक्लेव्ह सांभाळलेल्या हवालदार साहेबांना त्या सेंटरची नस न् नस माहीत असते. "साहेब, इथे कसं करता?" असं विचारलं की ते जीव ओतून शिकवतात. माझ्या हाताला सफाई आली ती कॉलेजमुळे, पण चाळीस जवानांची रांग जेवणाआधी नीट तपासून कशी संपवायची ते मला एका डोराने शिकवलं.

निवड झाली नाही तर

तीसेक जागा म्हटल्यावर चांगली मुलंही राहणारच. निमलष्करी दलांमध्ये डेंटल सर्जनची पदं असतात. आयटीबीपीमार्फत (भारत-तिबेट सीमा पोलीस दलामार्फत) निघणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये डेंटल ऑफिसर कंत्राटावर घेतात, पण तिथे काही वर्षांचा अनुभव लागतो. आपल्या भागात माजी सैनिक भरपूर आहेत, त्यामुळे घराजवळ राहून फौजेतल्या लोकांची सेवा करायची असेल तर तो चांगला मार्ग आहे.

आणि आर्मी डेंटल कोअरला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा असेल, तर नीट एमडीएस त्या वर्षीची पुन्हा द्यावी लागते, मागचा स्कोअर चालत नाही. त्यामुळे निकाल लागला नाही म्हणून पुस्तकं रद्दीत घालू नका. नवा फॉर्म कधी निघतो ते बघा आणि रजिस्ट्रेशनची मुदत त्याच दिवशी तपासून ठेवा.